सडलेला बर्फ

रामचंद्र शेलार यांच्यासमोर कोणी ‘काळजी घ्या’ म्हटलं की ते विचारत, “कशाची?” जेवण झालं, निरोप झाले, निघणारा पाहुणा गाडीत बसला, काच वर जाऊ लागली, तरी विचारत. समोरच्याला उत्तर सुचत नसे. “ठाऊक नसेल तर सांगू नये,” असं म्हणून ते मागे वळत. निरोप द्यायला दारात आलेले यजमान कसनुसं हसत आणि आत आल्यावर म्हणत, माणूस जरा विचित्रच आहे.

मी त्यांना पाच वर्षं ओळखत होते. विचित्र म्हणणाऱ्यांत मीही होते.

शेलार न्यू हॅम्पशरच्या उत्तर टोकाला राहत. तिथून कॅनडाची हद्द गाडीने तासाभरावर. गावात कागदाची गिरणी होती आणि तिच्या धुरामुळे सगळ्या गावाला उकडलेल्या कोबीचा वास येई. गिरणीच्या प्रयोगशाळेत ते लगदा तपासत. मूळचे अकोले तालुक्यातले, सह्याद्रीच्या अगदी पोटातल्या एका वाडीचे. शिष्यवृत्त्यांवर शिकत पुण्यात आणि पुण्याहून अमेरिकेत आले होते. लग्न केलं नव्हतं. आमच्या मंडळातले पुण्या-मुंबईचे बरेच लोक कॉलेजात असताना ट्रेकिंगला जात असत आणि त्या आठवणी मोठ्या प्रेमाने सांगत. शेलार ऐकून घेत. एकदाच म्हणाले होते, “तुम्ही ज्या डोंगरावर यायचात, तिथे आम्ही राहायचो. सुट्टी संपली की तुम्ही जायचात.”

आमचं मंडळ न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या आसपासचं. शेजारी मोठं विद्यापीठ. त्यामुळे दर ऑगस्टमध्ये पुणे, नागपूर, सांगलीच्या कॉलेजांतून नवी मुलं-मुली येत. बाकीचे आम्ही त्यांचे काका, काकू आणि मावश्या. मंडळाची त्रैमासिक पत्रिका मी काढत असे. अमेरिकेत येण्यापूर्वी पुण्याच्या एका दैनिकात मी सहा वर्षं उपसंपादक होते. तिथे शिकलेली एक गोष्ट या हकिगतीशी संबंधित आहे. मजकूर बातमीदाराचा असतो, भाषा पत्राची असते. बातमीदार जुन्नरचा असो की जतचा, छापून येताना सगळ्यांची मराठी एकसारखी दिसली पाहिजे. हे काम मला चांगलं जमत असे.

शेलारांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दिवाळीच्या कार्यक्रमात, एका शाळेच्या हॉलमध्ये. सात तास गाडी चालवून ते आले होते. नाट्यगीतं आणि मुलांचा नाच यांच्या मधे त्यांनी आमचे अध्यक्ष बापट यांच्याकडे पाच मिनिटं मागितली. बापटांना वाटलं, कविता म्हणणार. शेलारांनी माइक घेतला आणि गेल्या उन्हाळ्यात डोंगरात जाऊन आलेल्यांना हात वर करायला सांगितलं. पंधरा-वीस हात वर झाले. ते व्यासपीठावरून खाली उतरले, हात वर केलेल्या पहिल्याच माणसापाशी गेले आणि त्याच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळली.

“सुती,” ते म्हणाले. “हेच घालून गेला होतात?”

“हो. का?”

“भिजला असतात तर मेला असतात.”

हॉल हसला. शेलारांनी हसणं संपू दिलं. नंतर त्यांनी जे सांगितलं ते खरोखरच पाच मिनिटांत बसलं. आपल्या डोंगरात माणूस भिजतो, शिंकतो, घरी येऊन चहा पितो. भिजायलाच तर जातो. इथे चार हजार फुटांवर जुलैतही पाऊस आणि वारा एकदम आले की अंगातली ऊब निघून जाते आणि ओला सुती कपडा ती आणखी लवकर काढून घेतो. लोकर घाला. जीन्स म्हणजे ओली गोणी, ती घालू नका. आपल्याकडे वाट चुकली तर ओढ्याने खाली उतरायचं, वाडी लागते. इथे ओढ्याने खाली उतरलात तर ओढाच लागेल.

शेवटी त्यांनी पिशवीतून एक बंडी काढून दाखवली. वडिलांच्या घोंगडीतून कापून त्यांनी ती स्वतः शिवली होती. ओली झाली तरी ऊब धरते, मेंढपाळाला हे शिकवावं लागत नाही, असं ते म्हणाले. मागच्या रांगेतून कोणीतरी मेंढीचा आवाज काढला. बापटांनी आभार मानले, श्रीफळ दिलं आणि म्हणाले, “सांभाळून जा हं शेलार, लांबचा ड्राइव्ह आहे. काळजी घ्या.”

“कशाची?” शेलारांनी विचारलं. माइक चालूच होता.

त्या दिवशी मी त्यांना पत्रिकेसाठी लिहायला सांगितलं. दर अंकात, येणाऱ्या मोसमात उत्तरेकडच्या वाटा कशा असतील याची खबर. आमच्यातले बरेच जण लांब सुट्टीला तिकडेच जात. त्यांनी सदराला नाव सुचवलं ‘वाटांची हालत’. मी ‘गिरिवाटा’ छापलं. अंक पोचल्यावर त्यांचा फोन आला. हा गिरी कोण, असं त्यांनी विचारलं.

त्यांचा मजकूर गिरणीच्या तपासणी-तक्त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेला असे. आठ-दहा ओळी, ठळक अक्षर, खाली कार्बन घालून लिहिलेला. कार्बनची प्रत ते स्वतःकडे ठेवत. स्वतः चढून पाहिल्याशिवाय एका वाटेबद्दलही ते लिहीत नसत. बर्फाला त्यांच्याकडे घरातली नावं होती. डिसेंबरचा तो ‘पीठ’. वारा लागून वरून कडक झालेला तो ‘पापुद्रा’. मार्चअखेर दिवसा सुटणारा आणि रात्री पुन्हा गोठणारा तो ‘साबुदाणा’. थंडीभर लोकांच्या पायांनी वाटेवरचा बर्फ दाबला जातो, म्हणून आजूबाजूचा गेला तरी वाटेच्या मधोमध त्याचा उंच पट्टा उरतो. तो ‘बांध’. एप्रिल हा चिखलाचा महिना. चिखल चुकवायला वाटेच्या कडेने चालू नका, कड ढासळते आणि पुढच्या वर्षी तिथून पाणी वाहतं. चिखलातून चालायचं नसेल तर घरी बसा. मला ही नावं आवडत. मी ती अवतरणचिन्हांत घालून छापत असे, म्हणजे ती आमची नाहीत हे वाचकाला कळावं.

बाकीचं मी सुधारत असे. ‘मूर्खपणा’ऐवजी ‘अविचार’. ‘मरतो’ऐवजी ‘प्राणास मुकण्याची शक्यता असते’. अंक मिळाला की रविवारी सकाळी त्यांचा फोन येई.

“संपादकबाई, माझा ‘मरतो’ कुठे गेला?”

मी सांगितलं, आहे की, वाक्य जरा नीट केलंय.

“शक्यता असते म्हणजे मरतो की नाही?”

“शेलार, अर्थ तोच आहे.”

“तोच आहे तर मग माझंच का नाही ठेवलंत?”

राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, खाली जाई. फोनवर ऐकायला त्रास होई. मी दोन-तीनदा त्यांना ‘मोठ्याने बोला’ म्हटल्याचंही आठवतं.

एका सप्टेंबरात मंडळाची वीस माणसं त्यांच्याबरोबर डोंगरावर गेली. पायथ्याशी त्यांनी सगळ्यांच्या बाह्या चोळून पाहिल्या आणि दोघांना गाडीतच बसवलं. मग नियम सांगितला. दोन वाजता जिथे असू तिथून परत. सगळे ‘हो’ म्हणाले. दोन वाजले तेव्हा शिखरावरची पाटी समोर दिसत होती. फार तर पंधरा मिनिटांची चढण. ऊन पडलं होतं, वारा नव्हता. शेलार थांबले आणि वळले.

“अहो, पंधरा मिनिटं फक्त,” बापट म्हणाले. “सात तास ड्राइव्ह करून आलोय.”

“दोन वाजले.”

“हवा तर बघा. एकदम क्लिअर आहे.”

“हवेवर ठरवायचं असतं तर सकाळी वेळ कशाला ठरवली?”

बापटांची बारा वर्षांची मुलगी म्हणाली, “बट ही सेड टू ओ’क्लॉक, बाबा.” बापटांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती उतरेपर्यंत पुन्हा बोलली नाही.

सगळे परत फिरले. वादळ वगैरे काही आलं नाही. संध्याकाळपर्यंत ऊन होतं. वादळ आलं असतं तर ही गोष्ट मंडळात वेगळ्या तऱ्हेने सांगितली गेली असती. पायथ्याशी बापट म्हणाले, “बघा, काही झालं नाही.” शेलार म्हणाले, “नाही झालं. पुढच्या वेळीही दोनलाच फिरू.” पुढची वेळ आली नाही. मंडळाने त्यांच्याबरोबर पुन्हा सहल काढली नाही. पत्रिकेतलं सदर तेवढं चालू राहिलं, कारण त्याला अर्धं पान लागे आणि अर्धं पान भरायला माझ्याकडे दुसरं काही नसे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एक लांबलेला हिवाळा आला. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या अंकासाठी शेलारांनी जो मजकूर पाठवला, त्यातल्या ओळी अशा होत्या:

“वरचा बर्फ सडलाय. वरून धड दिसतो, आतून पोकळ. पाय मांडीपर्यंत जाईल. खाली दगड आणि वाहतं पाणी. जून अर्धा होईस्तोवर वर जाऊ नका.”

मी छापलं ते असं:

“उंचावरील बर्फ आता वितळू लागला आहे. काही ठिकाणी पाय खोल जाण्याची शक्यता असून खाली दगड व पाणी आढळते. जूनच्या मध्यापर्यंत वर जाणाऱ्यांनी योग्य ती काळजी घ्यावी.”

खाली नाव होतं: रामचंद्र शेलार.

मी असं का केलं याचा तपशील नोंदवते. बर्फ सडतो असं मराठीत कोणी म्हणत नाही, अशी माझी खात्री होती. भाजी सडते, फळ सडतं, मांस सडतं. बर्फ वितळतो. मला ते गावाकडचं ओबडधोबड रूपक वाटलं. वाचकाला ‘जाऊ नका’ असा हुकूम करू नये, हा दैनिकातला संकेत होता. तो माझ्या हाताला इतका बसलेला होता की ‘जाऊ नका’ खोडताना पेन थांबलंही नाही. मजकूर दोन ओळींनी वाढला, पण पानात बसला. मी दहा मिनिटांत पुढच्या पानाकडे वळले.

सडलेला बर्फ ही काय वस्तू आहे, हे मला नंतर कळलं. कडक थंडीत बर्फाचे कण एकमेकांना धरून असतात. वसंतात ही पकड आतून सुटत जाते. खालून ओढ्याचं पाणी त्याला पोखरतं. वरचा थर पांढरा, सपाट, चालून घट्ट झालेला दिसतो. दहा पावलं तो वजन पेलतो, अकराव्याला पेलत नाही. पेलणार नाही हे पाहून ओळखता येत नाही. वितळलेला बर्फ म्हणजे नसलेला बर्फ. सडलेला बर्फ म्हणजे असलेला, पण भरवसा नसलेला. शेलारांनी नेमका शब्द वापरला होता. मी चुकीचा घातला.

मेअखेरच्या लांब सुट्टीत विद्यापीठातले पाच विद्यार्थी उत्तरेला गेले. त्यांच्यातली सुनंदा घोरपडे साताऱ्याची, रसायनशास्त्रात संशोधन करणारी, तिसऱ्या वर्षाला. सह्याद्रीतले वीसेक किल्ले पायाखाली घातलेली. पाचांपैकी पत्रिका वाचणारी ती एकटीच होती. निघण्याआधी अंक उघडून तिने बाकीच्यांना वाचून दाखवला. शेलारकाकांनी लिहिलंय, बर्फ वितळतोय, जपून गेलं की झालं. एक जण म्हणाला, “चल यार, मग काय प्रॉब्लेम आहे?” निष्काळजी म्हणावं असं तिने काहीच केलं नव्हतं. जी खबर मिळवता येण्यासारखी होती ती तिने मिळवली होती.

पायथ्याशी लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. वर बाराच्या सुमारास ‘बांधा’वरून चालताना तिचा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला, दोन दगडांच्या फटीत अडकला आणि ती पुढे पडली. नडगी दोन ठिकाणी मोडली, गुडघा पिळला गेला. पाय पाण्यात होता. चौघांना तिला बाहेर काढायला अर्धा तास लागला. एक वाजता पाऊस सुरू झाला. सगळ्यांच्या अंगावर जीन्स आणि सुती शर्ट. दोघे खाली धावले आणि पेट्रोल पंपावरच्या फोनवरून त्यांनी मदत मागितली. वनरक्षकांनी आसपासच्या स्वयंसेवकांना बोलावलं. त्या यादीत शेलार होते.

पुढचा प्रसंग मला सुनंदाने सांगितला. शेलारांनी तो विषय कधी काढला नाही.

चारच्या सुमारास माणसं वर पोचली. तोवर तिचं कुडकुडणं थांबलं होतं. हे वाईट लक्षण असतं, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. तिला उलट बरं वाटत होतं. बुटका, काळा, पिकलेल्या केसांचा एक माणूस तिच्याजवळ गुडघे टेकून बसला आणि कात्रीने तिचे ओले कपडे कापू लागला. ती मराठीत कण्हत होती, म्हणून तोही मराठीत बोलला.

“कुठली गं तू?”

“साताऱ्याची.”

“घरी कोण असतं?”

हे सगळं तो तिला जागं ठेवायला विचारत होता. त्याने स्वतःची बंडी काढून तिच्या अंगात घातली. ती अंगाला टोचली आणि तिला ओळख पटली. शेलारांच्या बंडीची गोष्ट विद्यार्थ्यांमध्ये विनोद म्हणून सांगितली जात असे.

“तुम्ही शेलारकाका ना?” ती म्हणाली. “तुमचंच वाचून आलो आम्ही. बर्फ वितळतोय म्हणून लिहिलं होतंत.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंदच होता. शेलारांचे हात थांबले, एवढं तिला आठवतं. “मी?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, हो, पत्रिकेत. मग ते तिच्या वडिलांबद्दल पुन्हा विचारू लागले.

अठरा माणसांनी तिला खाली आणलं. स्ट्रेचरला एका वेळी सहा जण, दर काही मिनिटांनी आळीपाळी. डोक्याकडच्या डाव्या दांडीवर शेवटपर्यंत शेलारच होते. दोनदा कोणीतरी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. ते झाले नाहीत.

पत्रिका स्वस्त टपालाने जात असे. न्यू जर्सीत ती आठवड्यात पोचे, शेलारांच्या गावी दोन-तीन आठवडे लागत. अपघाताच्या त्या शनिवारी ती त्यांच्या टपालपेटीत येऊन पडलेली होती.

फोन सोमवारी सकाळी आला. त्यांनी नमस्कार केला नाही. कार्बनची प्रत वाचली. मग छापलेलं वाचलं. मग पुन्हा कार्बनची प्रत. आवाज इतका खाली होता की मी श्वास रोखून ऐकत होते. या वेळी मोठ्याने बोला म्हणायचं धैर्य झालं नाही.

“बर्फ सडतो, बाई,” ते म्हणाले. “तुमच्या पेपरात सडत नसेल. इथे सडतो.”

मी म्हटलं, माझी चूक झाली.

“शब्द बदललेत. वाक्य बदललंत. जाऊ नकाचं जा केलंत. मग खालचं नाव का नाही बदललंत? तिथं तुमचं घालायचं.”

त्यांनी फोन ठेवला.

सुनंदाचा पाय वाचला. गुडघा पुन्हा वाकला नाही. सहा महिने ती प्रयोगशाळेत उभी राहू शकली नाही. जून-जुलैमध्ये मंडळात जे बोललं गेलं ते थोडक्यात असं: त्या पेपर मिलवाल्याने बर्फ गेला म्हणून लिहिलं आणि पोरं गेली. हे म्हणणाऱ्यांत त्या दिवाळीत हसलेले लोक होते. दोन वाजता परत फिरवल्यामुळे दोन वर्षं धुसफुसणारेही होते. ज्याने अख्ख्या सहलीला पंधरा मिनिटंही दिली नव्हती, त्याच माणसाला आता बेफिकीर म्हटलं जात होतं. एकालाही यात विसंगती दिसली नाही.

ऑगस्टमध्ये सुनंदाच्या वडिलांचं पत्र शेलारांना आलं. ते माध्यमिक शाळेतले शिक्षक होते. पत्र सभ्य होतं. ‘आपल्यासारख्या जाणत्या माणसाने’ अशी त्याची सुरुवात होती. शेलारांनी त्याची झेरॉक्स मला पाठवली. कोपऱ्यात लिहिलं होतं, “याचं उत्तर तुमचं.”

ते मी लिहिलं. जे घडलं ते घडलं तसं. वडिलांचं दोन ओळींचं उत्तर आलं. त्यांनी मला क्षमा केली नाही, आणि ते योग्य होतं. मी शेलारांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “त्यांना कळलं. बरं झालं. पत्रिका जाते त्या बाकीच्या घरांना?”

त्यांना एकच गोष्ट हवी होती. पुढच्या अंकात दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापावेत, आणि कोणता कोणाचा ते लिहावं. माफी नको, आभार नको, गौरव नको. दैनिकात याला चूकदुरुस्ती म्हणतात. चौकट लहान असते, टाइप बारीक असतो, पण छापतात. मी हा विषय कार्यकारिणीपुढे ठेवला. बैठक बापटांच्या बेसमेंटमध्ये झाली. सातजण होते, चहा आणि चिवडा होता.

“वहिनी, ही अमेरिका आहे,” बापट म्हणाले. “दुरुस्ती छापली म्हणजे लेखी कबुली दिली. उद्या त्या मुलीने कोणी वकील गाठला, तर मंडळाला स्यू करतील. लायबिलिटी कोण घेणार?”

मी म्हटलं, सुनंदा असं करणार नाही.

“तिला कोणी सुचवलं तर?”

खजिनदार म्हणाले, “आणि तसं पाहिलं तर त्यांची मराठी गावंढळच हो. तुम्ही नीट केली नसतीत तर कोणी वाचलंच नसतं.”

मी सांगितलं की कोणी वाचलं नसतं तर बरं झालं असतं. यावर सगळे थोडे हसले. त्यांना तो विनोद वाटला. ठराव झाला. पुढच्या अंकात चार ओळी गेल्या: एका विद्यार्थिनीला दुर्दैवी अपघात झाला, तिची प्रकृती सुधारत आहे, सर्वांनी डोंगरात जाताना काळजी घ्यावी. मजकूर बापटांचा होता. व्याकरणाची एकही चूक नव्हती, मला हात लावावा लागला नाही.

यात दैवाचा काही संबंध नव्हता. एका माणसाने चढून पाहिलं होतं, आणि दुसरीने न पाहता खोडलं होतं. ज्यांनी ते झाकलं ते सगळे शिकलेले, सुखवस्तू, एरवी भले लोक होते. त्यांना शेलारांपासून कसली भीती नव्हती, म्हणून त्यांचं नाव खर्ची घालायला त्यांना काही वाटलं नाही. शेलार लांब राहत होते, एकटे होते आणि मंडळाच्या मते त्यांना लिहिता येत नव्हतं. मी त्या दिवशी राजीनामा दिला नाही. आणखी तीन अंक काढले. ही ओळ मी पुष्कळदा लिहून खोडली आहे, आता ठेवते.

शेलारांकडून पुन्हा मजकूर आला नाही. मी दोनदा मागितला. पहिल्यांदा ते म्हणाले, वेळ नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, “आता लिहून देत नाही. जे सांगायचं ते तोंडाने सांगतो.” मला वाटलं, हा रागाचा शब्द आहे. ती कामाची पद्धत होती.

पुढच्या वर्षी मेअखेरच्या शनिवारी मी तिकडे गेले. संपादकपद सोडून पंधरा दिवस झाले होते आणि ते त्यांना समक्ष सांगावं असं वाटत होतं. घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, मे लागल्यापासून प्रत्येक शनिवार-रविवार सकाळी सहाला तो डोंगराच्या पार्किंगवर जातो, दुपारी दोनला परत येतो. तिथे काय करतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

पार्किंगची जागा खडीची, अरुंद, जेमतेम वीस गाड्यांची. शेलार तोंडाशीच उभे होते. वर्षात ते बरेच वाळले होते. आत येणारी प्रत्येक गाडी ते हात करून थांबवत आणि काचेतून वाकून बोलत. अमेरिकन माणसांशी इंग्रजीत, तुटक. एक तरुण अमेरिकन जोडपं हसून त्यांच्या बाजूने पुढे गेलं. त्यांनी त्या गाडीचा नंबर वहीत लिहिला आणि घड्याळ पाहून वेळ लिहिली. मग न्यू जर्सीच्या नंबरपाटीची एक गाडी आली. चालवणाऱ्याला पाहून ते मराठीत सुरू झाले. तो गृहस्थ गुजराती होता. मग हिंदी. मागच्या सीटवर दोन मुलं, पायांत कॅनव्हासचे बूट. बोलणं पाच मिनिटं चाललं. गृहस्थ चिडला होता हे लांबूनही दिसत होतं. शेवटी त्याने गाडी वळवली.

माझी गाडी मी तिथेच रस्त्याकडेला थांबवून उतरले होते. ते माझ्याकडे आले. ओळखलं, पण चेहऱ्यावर काही आलं नाही.

“वर जायचंय?”

“नाही. तुम्हाला भेटायला आले. मी पत्रिका सोडली, शेलार.”

“त्याने काय होतं?” त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरोखरच काय होतं, ते त्यांना ऐकायचं होतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मागून आणखी एक गाडी खडीवर येत असल्याचा आवाज आला.

“मग ही गाडी त्या झाडाखाली घ्या,” ते म्हणाले. “इथे लोकांना परत वळायला जागा लागते.”

मी गाडी हलवली. आरशात पाहिलं तेव्हा ते पुढच्या गाडीच्या खिडकीशी वाकले होते.